तैलचित्राला सहा महिन्यांत भेगा का पडल्या: कापड, अस्तर आणि रंग यांविषयी सविस्तर

तुम्ही शिरपूरहून कळवलेली हकीकत थोडक्यात अशी आहे. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही घरीच ताणलेल्या कापडावर आजोबांचे तैलचित्र रंगवले. कापड बाजारातला मांजरपाट, त्यावर भिंतीच्या डिस्टेंपरचे दोन हात, रंग विद्यार्थ्यांसाठीच्या साध्या ट्यूबांमधले आणि रंग सैल करायला घाणीवरून आणलेले जवसाचे तेल. मे महिन्यात आजोबांच्या मागच्या फिक्या आभाळावर जाळीसारख्या भेगा दिसू लागल्या, कापडाच्या पाठीवर तपकिरी डाग उमटले आणि कोपरे सैल पडले. आता महागड्या परदेशी ट्यूबा घेतल्या तर हे थांबेल का, आणि कॅनव्हास घरी तयार करणे मुळातच चुकीचे आहे का, असे तुम्ही विचारले आहे.

ट्यूबा बदलून हे थांबणार नाही, आणि कॅनव्हास घरी तयार करण्यात काहीही वावगे नाही. तुम्ही सांगितलेल्या तीन लक्षणांपैकी एकाचेही मूळ ट्यूबच्या किमतीत नाही. खरा प्रश्न रंगाच्या खाली काय आहे हा आहे. चित्र म्हणजे लाकडी चौकट, कापड, कापडाला झाकणारा गोंदाचा हात, त्यावरचे पांढरे अस्तर आणि मग रंग अशी एकावर एक चढवलेली रचना असते. यातला खालचा थर हलला किंवा ठिसूळ झाला की वरचा रंग कितीही उत्तम असला तरी तडकतो. माझे काम जळगावात चालते आणि मी माझे कॅनव्हास स्वतः तयार करतो, त्यामुळे पुढे जे लिहितो आहे ते आपल्याकडच्या हवेला धरून आहे. कोकणात किंवा महाबळेश्वरला राहणाऱ्याने यातल्या काही गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. तुमचे चित्र मी हातात घेऊन पाहिलेले नाही, म्हणून भेगांबद्दल दोन शक्यता मांडतो आणि त्यांतली कोणती खरी ते तुम्हालाच कसे तपासता येईल तेही सांगतो.

आधी रंगाविषयी. कोणत्याही ट्यूबमध्ये मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंगाची बारीक भुकटी, म्हणजे रंगद्रव्य, आणि त्या भुकटीला धरून ठेवणारे माध्यम. अल्ट्रामरीन निळ्याची भुकटी बाभळीच्या जातीच्या डिंकात कालवली की जलरंग होतो, अॅक्रिलिकच्या पांढऱ्या दुधाळ द्रावणात कालवली की अॅक्रिलिक आणि जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग. भुकटी तीच असते. वागणूक बदलते ती माध्यमामुळे. अॅक्रिलिक वाळते ते गच्चीवर घातलेल्या बिबड्यांसारखे, पाणी उडून जाते आणि मागे पातळ, लवचीक पापुद्रा उरतो. तैलरंगात मात्र उडून जाण्यासारखे फारसे काही नसते. तेल हवेतला प्राणवायू ओढून घेते आणि आतून बांधले जात घट्ट होते. वाळताना त्याचे वजन सुरुवातीला कमी होण्याऐवजी वाढते. हात लावून पाहिल्यावर पातळ थर आठ-पंधरा दिवसांत वाळलेला वाटला, तरी आतली ही क्रिया महिनोन् महिने चालू असते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती पृष्ठभागावर फार वेगाने होते, वर साय धरते आणि खाली रंग ओलाच राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवली तर पुढचे बहुतेक नियम आपोआप समजतात.

आता पाठीवरचे तपकिरी डाग. डिस्टेंपर हे मुख्यतः खडूची भुकटी आणि थोडासा बांधणारा पदार्थ यांचे मिश्रण असते. भिंत हलत नाही, म्हणून तिथे ते टिकते. कापडावर त्याचे दोन दोष उघडे पडतात. ते वाकत नाही, त्यामुळे कापडाला बोट लागले, चौकट उचलली, हवा बदलली की त्याला केसासारख्या चिरा जातात. शिवाय ते भुसभुशीत असल्याने रंगातले तेल शोषून घेते. वरचा रंग तेलाविना कोरडा, विझलेला दिसू लागतो आणि शोषलेले तेल कापडापर्यंत पोहोचते. सुती धागा आणि वाळणारे तेल यांचे जमत नाही. तेल वाळताना आम्ल तयार होते, धागा आधी पिवळा, मग तपकिरी होतो आणि काही वर्षांत इतका कमकुवत होतो की ताणलेल्या कडेवर बोटाने दाबले तरी फाटतो. म्हणून कापड आणि तेल यांच्यामध्ये तेल अडवणारा पडदा लागतो. तुमच्या कॅनव्हासमध्ये तोच नव्हता.

हा पडदा पूर्वी सरसाचा असे, म्हणजे जनावरांच्या कातड्यापासून काढलेल्या गोंदाचा. जुनी पुस्तके वाचून आजही अनेक जण तुम्हाला सरस सुचवतील. सरस तेल उत्तम अडवतो, पण हवेतला दमटपणा ओढून फुगतो आणि कोरड्या हवेत आकसतो, आणि खान्देशात एप्रिल-मे महिन्यांत घराघरांत काय चालते ते आठवा: बाहेर ४३-४४ अंशांची कोरडी हवा आणि खोलीत दिवसभर कूलर. कूलर चालू असताना खोली दमट होते, कापड सैल पडते. वीज गेली किंवा रात्री कूलर बंद केला की काही तासांत तेच कापड पुन्हा आखडते. सरसाचा थर या ओढाताणीत दररोज फुगतो, दररोज आकसतो आणि त्याच्यावर वाळून कडक झालेला तैलरंग प्रत्येक वेळी थोडा थोडा तडकत जातो. तुमचे चित्र कूलरसमोरच्या भिंतीवर होते असे तुम्ही लिहिले आहे. तुम्ही सरस वापरला नव्हता, तरी सैल कोपऱ्यांचे कारण हेच आहे, कारण सुती कापड स्वतःही दमटपणाने हलते. आपल्या हवेत मी सरस वापरत नाही आणि कोणालाही सुचवत नाही.

भेगांचे मूळ शोधायला एक भिंग घ्या आणि खिडकीजवळ, उजेड तिरपा पडेल असे चित्र धरा. भेग रुंद असेल, तिच्या कडा मऊ, ओघळल्यासारख्या असतील आणि तळाशी खालच्या थराचा रंग दिसत असेल, तर ती वाळण्यातली भेग आहे: खालचा थर ओला असताना वर लवकर वाळणारा थर चढवला गेला. भेग अगदी बारीक असेल, कडा धारदार असतील आणि तळाशी पांढरे अस्तर किंवा कापडाचा धागा दिसत असेल, तर अस्तरच तडकले आहे. अशा भेगा बऱ्याचदा चौकटीच्या आतल्या कडेला समांतर धावतात किंवा कोपऱ्यातून तिरप्या निघतात. पार्श्वभूमीला आधी काळ्यात भरपूर तेल घालून हात दिला आणि दुसऱ्या दिवशी त्यावर टर्पेंटाइनने पातळ केलेला पांढरा चढवला, असे तुमच्या वर्णनावरून दिसते. आयव्हरी ब्लॅक हा अत्यंत सावकाश वाळणारा रंग आहे. त्यामुळे आभाळातल्या भेगा पहिल्या प्रकारच्या आणि कडेच्या भेगा दुसऱ्या प्रकारच्या असाव्यात, असा माझा कयास आहे.

पुढचा कॅनव्हास कसा करावा, याकडे वळतो. कापड घेताना नावावर जाऊ नका, वजनावर जा. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद तुकडा काट्यावर ठेवा. मध्यम आकाराच्या चित्राला त्याचे वजन २८० ते ३५० ग्रॅम असावे. नेहमीचा मांजरपाट याच्या निम्म्याच्या आसपास भरतो. तो ताणून रंगवण्यासाठी नाही. सुती डक, म्हणजे जाड, घट्ट विणीचे कापड मागा. त्यात गाठी कमी असाव्यात आणि उजेडासमोर धरल्यावर उभे-आडवे धागे सारखे भरलेले दिसावेत. लिनन अधिक मजबूत असते आणि हवेने कमी हलते, पण किंमत कित्येक पट असते. शिकण्याच्या काळात त्याची गरज नाही. लिनन आणि तुमचे जवसाचे तेल एकाच वनस्पतीपासून मिळतात, खोडाच्या धाग्याचे कापड आणि बियांचे तेल, हे जाता जाता सांगतो. कोरे कापड खळीचे असेल तर ते रात्रभर पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. खळ तशीच राहिली तर गोंद धाग्यात मुरत नाही, नुसता वर बसतो.

चौकट करताना सुताराला दोन गोष्टी ठामपणे सांगा. पट्टीची समोरची बाजू आतल्या अंगाला उतरती तासलेली हवी, म्हणजे कापड फक्त बाहेरच्या कडेला टेकेल. सपाट पट्टीची आतली कड कापडावर उमटते आणि नेमकी तिथेच पुढे भेग जाते. दुसरे, कोपरे खिळ्यांनी कायमचे जाम करू नयेत, सांध्यात पाचर मारायला जागा ठेवावी. पावसाळ्यात कापड सैल पडले की प्रत्येक कोपऱ्यातली पाचर हातोडीने हलकेच एक-दोन ठोके देऊन आत सरकवायची, एवढेच काम उरते. फ्रेमच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त चौकटी सरसकट खिळे मारून पक्क्या केलेल्या असतात आणि सैल पडलेल्या कापडावर मग काही इलाज राहत नाही. ९० सेंटिमीटरपेक्षा लांब बाजू असेल तर मध्ये आडवी पट्टी घाला.

कापड ताणताना धागा चौकटीच्या कडेला समांतर ठेवा. चारही बाजूंच्या मध्यावर एकेक पिन मारा, मग मध्यापासून कोपऱ्यांकडे, समोरासमोरच्या बाजू आलटूनपालटून घेत जा. एकच बाजू पूर्ण करून दुसरीकडे वळलात तर धागे तिरपे होतात आणि कोपऱ्यात न जाणारी सुरकुती पडते. नगाऱ्यासारखे ताणू नका. गोंदाचा हात लागल्यावर सुती कापड स्वतःच आखडते आणि आधीच जास्त ताणले असेल तर चौकट पिळली जाते.

आता गोंद आणि अस्तर. विकण्यासाठी किंवा जपून ठेवण्यासाठीचे काम असेल तर कलासाहित्याच्या दुकानातले अॅक्रिलिक माध्यम कापडावर दोन पातळ हातांत लावा आणि त्यावर अॅक्रिलिक जेसोचे, म्हणजे तयार मिळणाऱ्या पांढऱ्या अस्तराचे, तीन हात द्या. केवळ सरावाचे काम असेल तर सुतारकामाचा पांढरा गोंद एका भागाला दोन भाग पाणी घालून चालतो. तो वर्षांनुवर्षांनी पिवळसर आणि ताठर होतो, हे मान्य करूनच तो वापरायचा. गोंद ब्रशने नुसता फिरवू नका, कापडात दाबून चोळा. वाळल्यावर एका कोपऱ्यात तेलाचा थेंब ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाठ पाहा. डाग आला नसेल तरच पुढे जा. ही चाचणी फुकट आहे आणि मी ती आजही प्रत्येक नव्या कापडावर करतो.

जेसोचा पहिला हात आडवा, दुसरा उभा, तिसरा पुन्हा आडवा द्या. प्रत्येक हात पूर्ण वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा आणि धूळ ओल्या फडक्याने पुसा. घासताना नाकाला मास्क बांधा. वेळेची निवड आपल्याकडे फार महत्त्वाची आहे. मे महिन्याच्या दुपारी जेसो ब्रशखालीच वाळू लागतो, ब्रशच्या रेघा तशाच गोठतात आणि बारीक भोके राहतात, ज्यांतून पुढे तेल उतरते. उन्हाळ्यात हे काम पहाटे, पंखा बंद ठेवून, कापडावर पाण्याचा हलका फवारा मारून करावे. दुपारच्या वावटळीची धूळ ओल्या अस्तरावर बसली की ती घासून निघत नाही. उलट डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली जातो, तेव्हा पहाटेचे काम टाळा. इतक्या थंडीत अॅक्रिलिकचे कण एकमेकांत नीट मिसळत नाहीत आणि अस्तर वरून वाळलेले दिसले तरी भुकटीसारखे राहते. शेवटच्या हातानंतर तैलरंग लावण्यापूर्वी किमान तीन दिवस जाऊ द्या. अॅक्रिलिक अस्तरावर तैलरंग चालतो, पण तैलरंगावर अॅक्रिलिक कधीही लावू नका. ते धरत नाही आणि पापुद्रा होऊन निघते.

घाणीच्या तेलाबद्दल तुम्ही मुद्दाम विचारले होते. चटणीला आणि फोडणीला ते उत्तम आहे, पण त्यात बियांचा चिकट अंश राहिलेला असतो. त्यामुळे ते सावकाश वाळते, धूळ धरून ठेवते आणि लवकर पिवळे पडते. चित्रासाठी शुद्ध केलेले जवसाचे तेल घ्या. हार्डवेअरच्या दुकानातले डबल बॉईल्ड तेल तर मुळीच नको. त्यात लवकर वाळण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात आणि ते काळवंडते. आणि तेल कोणतेही असो, ते घालण्याचा क्रम पाळा. खालच्या थरात तेल कमी, टर्पेंटाइन थोडे जास्त. वर जाल तसे तेल वाढत गेले पाहिजे, कमी होता कामा नये. कमी तेलाचा थर लवकर वाळून ताठ होतो, जास्त तेलाचा दीर्घकाळ हलत राहतो. ताठ थर हलत्या थरावर बसवला की तो तडकणार, हे ठरलेले आहे. तुमच्या आभाळात नेमके हेच झाले असावे. खालच्या रेखाटनासाठी बर्न्ट अंबर, म्हणजे गडद तपकिरी मातीचा रंग, वापरा, त्यातल्या मँगनीजमुळे ते लवकर वाळते.

ट्यूबांचा विषय शेवटी घेतला, कारण खर्चाच्या क्रमात त्या शेवटी येतात. विद्यार्थ्यांच्या ट्यूबमध्ये रंगद्रव्य कमी आणि खडूसारखी भर जास्त असते. रंग फिका पडतो, मिश्रणे मळकट होतात, पण केवळ त्यामुळे सहा महिन्यांत भेगा पडत नाहीत. ट्यूब घेताना पुढच्या आकर्षक नावाऐवजी मागचे बारीक अक्षर वाचा. चांगल्या ट्यूबवर रंगद्रव्याचा संकेतांक असतो: पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन, पीवाय ४३ म्हणजे पिवळी माती, पीआर १०१ म्हणजे लोखंडाचा तांबडा ऑक्साइड. नावापुढे ह्यू असे लिहिले असेल तर मूळ रंगद्रव्याऐवजी त्याच्यासारखे दिसणारे दुसरे घातले आहे. ते वाईटच असते असे नाही, पण संकेतांक पाहून खात्री करा. पीआर ८३, म्हणजे अलिझरिन क्रिमझन, उजेडात फिके पडते. त्याऐवजी क्विनॅक्रिडोन जातीचा लाल घ्या. पांढऱ्यात टायटॅनियम घ्या, म्हणजे पीडब्ल्यू ६. झिंक व्हाइट, म्हणजे पीडब्ल्यू ४, तेलात काही वर्षांनी ठिसूळ होते आणि थर सुटू लागतात. तुमच्या आताच्या भेगांना ते जबाबदार नसावे, पण पुढे नको. काही ट्यूबांवर नुसते टायटॅनियम लिहून आत दोन्ही मिसळलेले असतात, तेव्हा संकेतांक इथेही पाहा.

पैसे बेताचे असतील तर मातीचे रंग उत्तम प्रतीचे घ्या, कारण तेच सर्वांत स्वस्त असतात. गेरू आणि पिवळी माती यांचा टिकाऊपणा पाहायचा असेल तर तुम्हाला फार लांब जावे लागणार नाही. जळगावहून निघून फर्दापूर ओलांडले की अजिंठ्याची लेणी येतात. पाचव्या शतकातल्या त्या भिंतींवर तांबडा आणि पिवळा आजही ताजा दिसतो. जिथे चित्र गेले आहे तिथे रंग उडालेला क्वचितच दिसेल. बहुतेक ठिकाणी खालचा मातीचा गिलावाच दगडापासून सुटून पडला आहे. त्या चित्रकारांनी भाताचा कोंडा आणि वनस्पतींचे तंतू घालून माती मळली, ती खडबडीत दगडावर चढवली, तिच्यावर पांढरा पातळ हात दिला आणि मगच रंगाला हात घातला. माझ्या विद्यार्थ्यांना मी लेण्यांत आधी हे निखळलेले कोपरे दाखवतो, चेहरे नंतर.

वार्निशची घाई करू नका. पातळ चित्राला सहा महिने, जाड रंगाला वर्षभर थांबा आणि असे वार्निश निवडा जे पुढे विद्रावकाने काढता येईल. अजिंठ्यालाच १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने आणलेल्या इटालियन तज्ज्ञांनी रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचे वार्निश दिले होते. ते पिवळे-तपकिरी पडले आणि ते काढण्याचे नाजूक काम पुढच्या पिढ्यांच्या वाट्याला आले. त्यामुळे तुमच्या चित्रावर भेगा झाकण्यासाठी फर्निचरचे पॉलिश किंवा लाखेचे वार्निश लावण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नका.

एक सावधगिरी अतिशय गंभीरपणे सांगतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात किंवा प्लास्टिकच्या पिशवीत टाकू नका. तेल वाळताना उष्णता निर्माण होते. बोळ्यात ती अडकते आणि फडके काडी न लावता पेटू शकते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, पत्र्याच्या छपराखाली हा धोका आणखी वाढतो. फडकी अंगणात एकेक सुटी पसरून कडक वाळू द्या, किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात ठेवा.

राहता राहिले आजोबांचे चित्र. पडलेल्या भेगा परत मिटत नाहीत. त्यांच्यात नवा रंग भरू नका आणि पाठीला तेल किंवा गोंद लावू नका. काही ठिकाणी हा उपाय सांगितला जातो, पण त्याने कापड लवकर कुजते. चित्र कूलर आणि उन्हापासून दूर, आतल्या भिंतीवर हलवा. पाठीमागे पुठ्ठ्याचा किंवा हार्डबोर्डचा तुकडा कापडाला न टेकता चौकटीवर बसवा. त्याने दमटपणाचे चढउतार बरेच मंदावतात. चेहऱ्यावर रंग अजून घट्ट धरलेला आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा तो आहे तसाच राहू द्या. नवे चित्र करायचे असेल तर दीड-दोन फुटांपर्यंतच्या आकाराला कापड ताणूच नका. हार्डबोर्डला दोन्ही बाजूंनी गोंदाचा हात द्या, त्यावर डक कापड चिकटवा, वजनाखाली दाबून वाळवा आणि मग वर सांगितल्याप्रमाणे जेसो लावा. फळी हलत नाही, त्यामुळे अशा चित्राला भेगा पडण्याची शक्यता फार कमी असते, चौकट आणि पाचर यांचा खर्चही वाचतो. अस्तराचे काम पावसाळा सरल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यात करा. हवा तेव्हा ना दमट असते ना फार कोरडी, आणि दिवाळीच्या सुट्टीपर्यंत फळी रंगवायला तयार होईल.